रोशा, गवती चहा आणि मोगरा: सुगंधी तेल काढू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर

धुळे जिल्ह्यातील एका शेतकरी दांपत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे 3 एकर हलकी, उताराची जमीन आहे आणि विहिरीला पाणी बेताचे आहे. रोशा हे सुगंधी गवत आणि गवती चहा लावून 500 किलो क्षमतेचे ऊर्ध्वपातन (वाफेने तेल काढण्याचे) संयंत्र बसवण्याचा त्यांचा विचार आहे. त्याच संयंत्रात बांधावरच्या मोगऱ्याचे तेल निघेल का, निघालेले तेल चांगले आहे हे कसे ओळखायचे, आणि अरोमाथेरपीसाठी तेल मागणाऱ्या गिऱ्हाइकांना ते देताना काय सांभाळायचे, असे त्यांनी विचारले आहे.

मोगऱ्याचे आधी सांगून टाकतो, कारण आपल्या खर्चाचे गणित त्याच्यावर काही प्रमाणात बेतलेले दिसते. या संयंत्रात मोगऱ्याचे शुद्ध तेल निघणार नाही. रोशा आणि गवती चहा यांचे मात्र उत्तम निघेल. तीच वाफ, तेच पातेले आणि तोच कंडेन्सर (वाफ थंड करणारा भाग) असताना एका वनस्पतीचे तेल निघते आणि दुसरीचे निघत नाही, याचे कारण नीट समजून घेतले तर पुढचे बहुतेक निर्णय आपले आपण घेता येतील. तेल भट्टीत तयार होत नसते. ते झाड तयार करते आणि आपल्या विशिष्ट पेशींत साठवून ठेवते. भट्टीचे काम ते मोकळे करून नुकसान न होऊ देता बाटलीपर्यंत आणण्याचे आहे. म्हणून कापणीच्या दिवशी झाडात किती तेल होते, वाफ त्याच्यापर्यंत पोचली का, आणि वाटेत किती वाया गेले, या तीन गोष्टींतच सगळा नफातोटा असतो. संयंत्र विकणारे लोक पोलादाची जाडी आणि चकाकी यांवर फार बोलतात. या तीन गोष्टींवर ते क्वचितच बोलतात.

तेल साठवण्याच्या जागा प्रत्येक वनस्पतीत वेगळ्या असतात. पुदिना, तुळस यांच्या पानांवर बारीक ग्रंथी असतात आणि त्या पृष्ठभागावरच असल्यामुळे वाफ लागताच फुटतात. गवती चहा आणि रोशा यांत तेल पानाच्या आतल्या पेशींत असते. ओवा किंवा बडीशेप यांच्या दाण्यांत ते नलिकांत बंद असते, म्हणून ते दाणे भट्टीत घालण्याच्या आधी लगेच भरडावे लागतात. आदल्या दिवशी भरडून ठेवले तर तेल हवेत उडून जाते. वाळ्याच्या मुळांत ते आतल्या थरांत दडलेले असते, आणि संत्र्याच्या सालीत उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या पिशव्यांत असते. त्यामुळे एकच पद्धत सगळ्यांना लावता येत नाही.

आता वाफेचे काम पाहू. रोशा तेलातील मुख्य घटक जिरॅनिऑल एकटा उकळायचा म्हटला तर 230 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, आणि तेवढ्या उष्णतेत गवत करपून जाईल. परंतु पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे एकत्र तापवल्यावर दोघांचे बाष्पदाब स्वतंत्रपणे काम करतात आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. म्हणूनच हे जड तेल 100 अंशांच्या किंचित खालीच वाफेबरोबर वर येते. मात्र ते पेशीतून पृष्ठभागावर येण्यासाठी गवतात ओलावा असावा लागतो, कारण गरम पाणीच तेलाला पेशीच्या भिंतीतून बाहेर आणते. अतितप्त कोरडी वाफ सोडली तर गवत सुकून जाते, तेल आतच अडकते आणि उतारा घटतो. ‘जास्त दाब, जास्त तेल’ असे सांगणारे या बाबतीत चुकतात. गवतवर्गीय पिकांना साध्या हवेच्या दाबाजवळची, ओलसर, संथ पण अखंड वाफ हवी असते.

पिकांपैकी रोशाबद्दल अधिक लिहितो, कारण ते आपल्याच भागाचे गवत आहे आणि आपल्या जमिनीला तेच अधिक मानवेल. खानदेश, निमाड, बैतूल आणि अमरावतीच्या डोंगराळ भागांत ते रानोमाळ वाढत असे, आणि एकोणिसाव्या शतकात नाल्यांच्या काठी तात्पुरत्या भट्ट्या लावून त्याचे तेल काढले जाई. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलपर्यंत (आजचे इस्तंबूल) जात असे आणि तेथे महागड्या गुलाबाच्या तेलात भेसळ म्हणून मिसळले जाई. युरोपच्या बाजारात ते ‘तुर्की जिरॅनियम तेल’ या नावाने ओळखले जात होते, यावरून त्याचा खरा उगम किती झाकला गेला होता हे दिसते. 1871 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोब्सन यांनी जिरॅनिऑल पहिल्यांदा वेगळे केले तेही याच तेलातून. आज साबण, तंबाखू, अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधने यांत या तेलाला मागणी असते. त्यात गुलाबाकडे झुकणारा, किंचित गवताळ गोडवा आहे, आणि तो मला कोणत्याही कृत्रिम गुलाबी वासापेक्षा मोलाचा वाटतो.

रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. ते दिसायला इतके सारखे असतात की शेतात उभे राहून ओळखणे अवघड जाते. रानात मोतिया उघड्या, कोरड्या, उन्हाच्या उतारावर सुट्या ठोंबांत वाढतो, तर सोफिया ओलसर, सावलीच्या जागी दाट वाढतो. तेलात मात्र फरक मोठा आहे. चांगल्या मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण 75 ते 85 टक्के असते. सोफियाच्या तेलात ते बरेच कमी असते, वास उग्र आणि टर्पेंटाइनसारखा येतो आणि भाव पडतो. आपल्याला मोतियाच हवा आहे. बाजारातले सुटे बी घेऊ नका. लखनौच्या सीमॅप या संस्थेने विकसित केलेल्या पीआरसी-1, तृष्णा, वैष्णवी यांसारख्या वाणांचे बी खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. मे महिन्याच्या अखेरीस गादीवाफ्यावर रोपे तयार करून पावसाच्या सुरुवातीला लावली की पहिली कापणी साधारण चार महिन्यांनी येते, आणि पाणी असेल तर पुढच्या कापण्या अडीच ते तीन महिन्यांच्या अंतराने मिळतात.

रोशात तेल सर्वांत जास्त तुऱ्यात असते, त्याहून कमी पानात, आणि दांड्यात जवळजवळ नसतेच. त्यामुळे कापणीची वेळ तुऱ्यावरून ठरते. फुलोरा पूर्ण येऊन दाणा धरू लागण्याचा काळ सर्वांत चांगला असतो. त्याआधी कापले तर उतारा कमी आणि वास कच्चा येतो. दाणा पिकून तुरा वाळू लागल्यावर कापले तर तेल उडून गेलेले असते. दांडा फार खालून कापल्यास पातेले फक्त काडीने भरते आणि तिला शिजवायला तेवढेच जळण लागते. जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर सोडून कापावे, कोरड्या उन्हाच्या दिवशी कापावे, आणि पाऊस किंवा दाट दव पडले असेल तर थांबावे.

गवती चह्याबाबत एक गफलत नेहमी होते. आपल्या परसात चहासाठी लावलेले गवत बहुधा सिंबोपोगॉन सिट्रेटस या जातीचे असते. तेलासाठी व्यापारी प्रमाणावर लावतात ते सिंबोपोगॉन फ्लेक्सुओसस, ज्याला बाजारात कोचीन किंवा ईस्ट इंडियन लेमनग्रास म्हणतात. दोन्हींत सिट्रल हाच मुख्य घटक आहे, पण परसातल्या जातीत तेलाचा उतारा कमी असतो आणि मायर्सीन नावाचा घटक अधिक असल्यामुळे तेल जुने होताना अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. म्हणून शेजाऱ्याकडची फुकटची ठोंबे लावून तीन एकर अडकवू नका. केरळच्या ओडक्कली संशोधन केंद्राचा ओडी-19 किंवा सीमॅपचा कृष्णा यांसारखा वाण घ्या. सिट्रलपासून व्हायोलेटच्या फुलासारखा वास असलेली आयोनोन नावाची संयुगे तयार करतात, आणि जीवनसत्त्व अ च्या निर्मितीतही त्याचा उपयोग होतो, त्यामुळे 75 टक्क्यांच्या वर सिट्रल असलेल्या तेलाला गिऱ्हाईक मिळते. पाणी बेताचे आहे असे आपण लिहिले आहे, तेव्हा मी दोन एकर रोशा आणि एक एकर गवती चहा असे सुचवेन. रोशा पाण्याचा ताण अधिक सोसतो. पाणी साचलेले मात्र दोघांनाही चालत नाही, आणि त्या दृष्टीने आपला उतार सोयीचाच आहे.

कापलेले गवत लगेच भट्टीत घालण्याची घाई करू नये. सावलीत पातळ पसरून रात्रभर, फार तर 24 तास कोमेजू दिले तर त्यातले पाणी बरेच कमी होते. तेल मात्र फारसे कमी होत नाही, आणि पातेल्यात जास्त गवत मावल्याने जळण वाचते. ढीग करून ठेवले तर आतून तापते, आंबते, आणि त्या आंबल्याचा वास तेलात उतरतो. तो नंतर कशानेही जात नाही.

संयंत्र कसे असावे याकडे येतो. लहान शेतकऱ्यांच्या संयंत्रात बहुधा पातेल्याच्या तळाशी पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर गवत अशी रचना असते आणि खालून थेट विस्तव दिलेला असतो. ही रचना आपल्या दोन पिकांना पुरेशी आहे. वेगळा बॉयलर घेतला तर वाफेवर ताबा चांगला राहतो, पण त्याची नोंदणी, तपासणी आणि प्रशिक्षित माणूस यांची जबाबदारी येते. थेट विस्तवाच्या पातेल्यात जाळीखालचे पाणी संपू न देणे हा एकच नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो, कारण पाणी संपले की तळ तापतो, गळून पडलेले गवत करपते आणि त्या संपूर्ण घाणीच्या, म्हणजे एका वेळी भरलेल्या सगळ्या गवताच्या, तेलाला जळका वास लागतो. पातळी दाखवणारी काचेची नळी नसलेले संयंत्र घेऊ नका.

गवत भरणे हे किरकोळ काम समजून ते नवख्या मजुरावर सोपवले जाते, आणि अर्धे नुकसान तेथेच होते. वाफ नेहमी सोपी वाट शोधते. गवत एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला दाबलेले असेल तर वाफ सैल बाजूने निघून जाते. असे झालेली भट्टी उघडली की लगेच कळते: मधोमध तपकिरी, शिजून खाली बसलेला भाग दिसतो आणि कडेला गवत अजून हिरवे, ताठ उभे असते. त्या हिरव्या गवतात तेल तसेच राहिलेले असते. म्हणून गवत सहा-सात इंचांचे तुकडे करून थराथराने भरावे, प्रत्येक थर गोल फिरून सारखा तुडवावा, आणि भिंतीलगत विशेष लक्ष द्यावे. झाकणाची कड पाण्याच्या खोबणीने किंवा चांगल्या गॅस्केटने बंद असावी. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील कनौजचे कारागीर आजही डेगेचे, म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या पातेल्याचे, तोंड मातीच्या लेपाने इतके चोख बंद करतात की तिथून वाफेची रेघही निसटत नाही.

वाफ आणि तेल कंडेन्सरमध्ये थंड होतात, आणि या भागावर पैसे वाचवू नयेत असे माझे ठाम मत आहे. कंडेन्सर लहान पडला की विस्तव कमी ठेवावा लागतो, भट्टी लांबते, आणि घाई केली तर बाहेर पडणारे पाणी वाफाळलेले येते. शेडमध्ये घमघमाट सुटला की बघायला आलेल्यांना आनंद होतो; पण तो विकायचा माल हवेत जात असल्याची खूण आहे. बाहेर येणारे पाणी हाताला कोमट लागावे, साधारण 35 ते 40 अंश. वाळ्याचे तेल घट्ट असते, म्हणून तेथे थोडे अधिक गरम चालते, नाहीतर ते नळीलाच चिकटून बसते.

त्यानंतर येतो तो विलगक, म्हणजे सेपरेटर. रोशा आणि गवती चह्याचे तेल पाण्यापेक्षा हलके आहे, त्याची घनता 0.87 ते 0.90 च्या दरम्यान असते, म्हणून ते वर तरंगते आणि खालच्या वाकड्या नळीतून पाणी निघून जाते. लवंग आणि दालचिनीच्या सालीचे तेल बुडते, तेथे सगळी मांडणी उलटी लागते. विलगक पुरेसा मोठा हवा. तो लहान असला तर बारीक थेंबांना वर येण्याइतका वेळ मिळत नाही आणि ते पाण्याबरोबर वाहून जातात. बाहेर जाणारे पाणी दुधाळ दिसत असेल तर तेल जात आहे असे समजावे आणि दुसरा विलगक पुढे जोडावा. शक्य असल्यास हे पाणी पुन्हा पातेल्यात सोडण्याची सोय करून घ्यावी.

भट्टी किती वेळ चालवायची याला ठरावीक उत्तर नाही, पण ते शोधण्याची सोपी रीत आहे. दर पंधरा मिनिटांनी विलगकातील तेलाची उंची वहीत लिहा. पहिल्या तासात भरभर वाढ दिसते, मग ती मंदावते, आणि एका टप्प्यानंतर येणारे तेल जळणाच्या खर्चालाही पुरत नाही. गवती चह्याला साधारण 2 ते 3 तास आणि रोशाला 3 ते 4 तास पुरतात. हिरव्या वजनावर रोशाचा उतारा 0.4 ते 0.6 टक्के धरावा, म्हणजे 500 किलो गवतातून दोन ते तीन किलो तेल. गवती चह्याच्या चांगल्या वाणाचा उतारा याच आसपास किंवा थोडा वर असतो. एक किलो गवतात दहा मिलिलिटर तेल निघते असे कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून संयंत्र घेऊ नका.

रोशानंतर लगेच गवती चहा भरायचा असेल, किंवा उलट, तर मध्ये रिकाम्या पातेल्यात वाफ सोडून सगळी नळी धुऊन घ्यावी. लिंबासारखा वास धातूला धरून राहतो आणि रोशाच्या पहिल्या घाणीत उतरतो. पातेले साध्या लोखंडाचे केले तरी कंडेन्सर आणि विलगक 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच असावेत, कारण गंजामुळे तेल लालसर होते आणि व्यापारी त्याचेच कारण सांगून भाव पाडतो. वापरलेले गवत फेकू नका. वाळवून तेच पुढच्या घाण्यांना जळण म्हणून चालते, आणि उरलेले आच्छादनाला किंवा खताला वापरता येते.

आता मोगरा. मोगऱ्याच्या कळीत तयार तेलाचा साठा नसतो. कळी संध्याकाळनंतर उमलू लागते तशी ती सुगंध तयार करत आणि सोडत जाते, आणि तोडल्यावरही हे काम काही तास चालू राहते. उकळत्या वाफेत घातले की हे काम थांबते, पाकळ्या शिजतात, सुगंधातले नाजूक घटक बिघडतात आणि जे थोडे उरते ते पाण्यात विरून जाते. फ्रान्समधील ग्रास या गावी यावर काढलेला जुना उपाय असा होता की काचेच्या तावदानांवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर देऊन त्यावर रोज ताजी फुले पसरायची आणि कोमेजलेली उचलायची, म्हणजे फूल जिवंतपणी सोडत असलेला सुगंध चरबी शोषून घेते. मग ती चरबी अल्कोहोलने धुऊन सुगंध वेगळा करत. आपल्याकडे जौनपूर, गाझीपूर भागांत हेच तत्त्व तिळावर वापरले जाई. तीळ आणि चमेलीची फुले थरावर थर रचून, फुले पुन्हा पुन्हा बदलून, शेवटी तो सुगंधित तीळ घाण्यात गाळून फुलेल, म्हणजे फुलांचा वास असलेले तेल, काढत. मला ही रीत अतिशय हुशारीची वाटते, कारण ती फुलाच्या स्वभावाला धरून चालते.

आज मोगरा, जाई, निशिगंध, सोनचाफा यांचा सुगंध मुख्यतः हेक्झेन या द्रावकाने काढतात. द्रावक उडवून दिल्यावर मेणासारखा गोळा उरतो, त्याला कॉन्क्रीट म्हणतात. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून, थंड करून मेण गाळले की ॲब्सोल्यूट मिळते. एक टन फुलांतून कॉन्क्रीट जातीनुसार जेमतेम दीड ते तीन किलो मिळते. हेक्झेन 69 अंशांच्या आसपास उकळते आणि त्याची वाफ ठिणगीने स्फोट होण्याजोगी असते, त्यामुळे हे काम शेडमध्ये किंवा घरी करण्याचे धाडस कोणीही करू नये. कनौजला डेग-भपक्यावर मोगऱ्याचे अत्तर निघते हे खरे आहे. पण तेथे भपक्यात, म्हणजे वाफ जमा होणाऱ्या भांड्यात, परंपरेने आधीच चंदनाचे तेल भरलेले असते आणि मोगऱ्याचा सुगंध त्यात दिवसेंदिवस मुरवला जातो. ते सुंदर अत्तर असते, मोगऱ्याचे शुद्ध तेल नसते. आपल्या बांधावरचा मोगरा गजऱ्यासाठी किंवा फुलबाजारासाठी विकणेच अधिक फायद्याचे ठरेल.

गुलाबाचा विचार मनात आला तर तोही स्पष्ट करतो. दमास्क जातीच्या गुलाबाची तीन ते चार हजार किलो फुले ऊर्ध्वपातित केली तर एक किलो तेल मिळते. त्याच्या सुगंधातील फिनाइल इथाइल अल्कोहोल हा मोठा घटक 100 मिलिलिटर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम इतका विरघळतो, म्हणून तो बहुतांशी गुलाबजलातच राहतो. गुलाबजलाला मोल आहे ते यामुळे. वाळा लावायचा असेल तर मुळे तयार व्हायला 15 ते 18 महिने लागतात आणि भट्टी 18 ते 24 तास किंवा त्याहून अधिक चालवावी लागते, कारण त्यातले जड आणि सर्वांत मोलाचे घटक शेवटी येतात. लवकर विस्तव विझवणाऱ्याला वाळ्याचे तेल मिळते खरे, पण त्यातला खोल, मातकट गंध मिळत नाही. विदर्भातील संत्र्याच्या सालीचे तेल तर वाफेशिवाय, दाबूनच काढणे चांगले; उष्णतेने त्याचा ताजेपणा जातो.

तेल निघाल्यावर ते एक रात्र स्थिर राहू द्यावे, पाण्याचा खालचा थर काढावा, उरलेला ओलावा निर्जल सोडियम सल्फेटने टिपून गाळून घ्यावे आणि गडद काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तोंडापर्यंत भरावे. अर्धे भरलेले भांडे म्हणजे आतल्या हवेशी तेलाची रोजची गाठ. सिट्रल हवेने लवकर बिघडते, तेल दाट होत जाते आणि वासातला लिंबाचा टवटवीतपणा उतरतो.

शुद्धता ओळखण्याचे घरगुती उपाय मर्यादित असतात. गाळणकागदावर थेंब टाकून डाग राहतो का हे पाहिले तर खाद्यतेलाची भेसळ कळते, पण वाळा आणि चंदन यांची शुद्ध तेलेही बराच काळ डाग ठेवतात. ताजे रोशा किंवा कोचीन गवती चह्याचे तेल 70 टक्के अल्कोहोलच्या दोन-तीन पट मापात स्वच्छ विरघळावे. गढूळ झाले तर केरोसीन, पॅराफिन किंवा खाद्यतेल असण्याची शंका घ्यावी, किंवा तेल जुने झाले आहे असे समजावे. खरी भेसळ याच्या पुढची असते. डायइथाइल थॅलेट हे बिनवासाचे द्रव किंवा कारखान्यातले कृत्रिम सिट्रल मिसळले तर ते नाकाला कळत नाही आणि अल्कोहोललाही कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी, लागते. ही तपासणी सीमॅप, कनौजचे सुगंध व सुरस विकास केंद्र किंवा खासगी प्रयोगशाळा यांच्याकडून करून घेता येते. प्रत्येक हंगामातील एका प्रातिनिधिक नमुन्याचा अहवाल जवळ ठेवावा, आणि प्रत्येक घाणीचा छोटा नमुना तारीख, शेत, वाण आणि कापणीची अवस्था लिहून जपून ठेवावा. व्यापाऱ्याने माल नाकारला तर बोलायला हाताशी काहीतरी असते.

अरोमाथेरपीच्या गिऱ्हाइकांबाबत मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. ‘नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे’ असे समजून लोक ही तेले थेट त्वचेवर लावतात, पाण्यात टाकून पितात, लहान मुलांच्या छातीवर चोळतात. आपण शेकडो किलो गवतातले सत्त्व एका लहानशा डब्यात आणलेले असते, हे विकताना सांगितले पाहिजे. मालिशसाठी प्रौढांना 100 मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात एक ते दोन मिलिलिटर पुरे होते. सिट्रलने काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते, म्हणून गवती चह्याच्या बाबतीत याहूनही कमी ठेवावे आणि आधी हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून पाहावे. लिंबूवर्गीय दाबून काढलेली काही तेले लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते. लिंबू आणि बर्गामॉट यांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. कापूर, निलगिरी आणि विंटरग्रीनची तेले लहान मुलांच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकते, म्हणून बाटलीला मुलांना उघडता न येणारे झाकण असावे. आणि आपल्या बाटलीवर सांधेदुखी किंवा दमा बरा होतो असे लिहू नये. तसा दावा केला की उत्पादन औषधाच्या कायद्याखाली येते, आणि तो दावा आपण सिद्ध करू शकत नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला, कशा रीतीने काढले, कधी काढले आणि मुख्य घटकाचे प्रमाण किती, एवढे लिहिले तर जाणकार गिऱ्हाईक आपणहून परत येते.

शेवटचा मुद्दा 500 किलोच्या संयंत्राचा. क्षमता एकरांवर ठरवू नये, कापणीच्या दिवसांवर ठरवावी. बऱ्या पिकात एका कापणीला एकरी साधारण तीन टन हिरवे गवत धरले तर तीन एकरांतून नऊ टन येईल, म्हणजे 500 किलोच्या अठरा घाण्या. भरणे, चालवणे आणि उपसणे धरून दिवसाला दोन घाण्या सहज निघतात, म्हणजे हे काम नऊ दिवसांत उरकते. रोशाचा योग्य फुलोरा साधारण पंधरवडाभर टिकतो, त्यामुळे दोन एकर रोशासाठी हे संयंत्र पुरेसे आहे, आणि गवती चह्याची कापणी थोडी मागेपुढे करता येते. उरलेल्या काळात शेजारच्या शेतकऱ्यांचे गवत भाड्याने गाळून दिले तर गुंतवणूक लवकर वसूल होईल. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी संयंत्र घेऊच नका. लागवड करा, पहिली कापणी चालू असलेल्या दुसऱ्या संयंत्रावर भाड्याने गाळून घ्या, तेथे स्वतः उभे राहून दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवा आणि त्या तेलाचा अहवाल काढा. मग कारागिराकडे जाताना त्याला चार गोष्टी लेखी विचारा: कंडेन्सरच्या नळ्यांचे एकूण क्षेत्रफळ किती, ताशी किती लिटर पाणी तो थंड करू शकतो, विलगकात किती लिटर मावते, आणि पातेल्यातील जाळी उपसून धुता येते का. ही उत्तरे जो देऊ शकत नाही, त्याच्याकडचे संयंत्र कितीही चकचकीत असले तरी घेऊ नये.